दुसरा रकाना

मला ती खोली मिळाली ती डोळ्यांच्या जोरावर, आणि माझे डोळे तेव्हाही अधूच होते.

अमरावतीत खोली शोधायला निघालेल्या एकट्या माणसाला घरमालक चारच प्रश्न विचारतात. लग्न झालं का, मटण खाता का, पिता का, आणि घरी किती वाजता येता. माझ्या घरमालकांनी, काकाजींनी, यातलं काही विचारलं नाही. त्यांनी आम्हा तिघा इच्छुकांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि एकेकाला आत बोलावलं. आत भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. अकोल्यात त्यांचं तीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं. दुकान विकलं, पण तक्ता बरोबर आणला होता.

पहिला इच्छुक पाचव्या ओळीला अडकला आणि गेला. दुसऱ्याने सगळं वाचलं, शेवटच्या ओळीतही दोनदा थांबून का होईना निभावलं. पण "घरात पाल आहे का हो?" असं विचारून बसला आणि तोही गेला. मी खिडकीला पाठ लावून हे सगळं ऐकत होतो. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा दीड. चष्मा होता, पण तो खिशात, टक् करून मिटणाऱ्या डबीत. आत्या माझ्यासाठी मुली पाहत होती आणि तिने बजावलं होतं की लग्न जमेस्तोवर तो नाकावर दिसता कामा नये. माझी पाळी आली तेव्हा मी तक्त्यासमोर ताठ उभा राहिलो आणि शेवटची ओळ पाढे म्हणावेत तशी म्हटली. "न, ग, र, प, ल, व, ट, म."

काकाजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग किल्ली दिली.

मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात तपासनीस होतो. म्हणजे दिव्याखालून सरकणाऱ्या कापडातला तुटका धागा पकडायचा. त्या काळात माझ्या हातून पास झालेल्या कापडाचे शर्ट ज्यांच्या अंगावर उसवले असतील त्यांची मी इथे एकदाच माफी मागून टाकतो.

पहिल्या रविवारी पहाटे दार वाजलं. काकाजी हातात वेताची काठी, डोक्याला दुपट्टा, खांद्यावर कापडी पिशवी घेऊन उभे. म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. काकूंनी मागून मला पोह्यांचा डबा दिला आणि हळूच म्हणाल्या, "यायले ते दिसलं त्या दिवसापासून माणसं दिसत नाईत, बाबू. तू तेवढं सांभाळून आन."

ते म्हणजे काय, हे मला बसमध्ये कळलं. तीस वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून तासभर आत, एका बरडावर, मुरमाड माळावर, काकाजींना स्याहगोश दिसला होता. मांजराहून मोठा, बिबट्याहून लहान, नव्या विटेच्या रंगाचा, कान काळे आणि कानांच्या टोकांना केसांचे लांब गोंडे. राजेरजवाडे म्हणे तो शिकारीसाठी पाळत; उडता पक्षी झेप घेऊन हवेतच धरतो. आपल्याकडचा कधीच संपला असं जाणकार सांगतात. काकाजींनी अकोल्यात येऊन चार पक्षीनिरीक्षक मित्रांना सांगितलं. मित्र हसले. म्हणाले, रानमांजर असेल, तुमच्याच दुकानातला चष्मा लावा. पुढे गिऱ्हाईकं दुकानाला स्याहगोशचं दुकान म्हणायला लागली. पोरं तर गल्लीत कानावर झाडूच्या काड्या धरून म्याव करायची. दुसऱ्यांना दृष्टी विकणाऱ्या माणसाला "तुला दिसत नाही" म्हणणं म्हणजे सोनाराच्या सोन्याला पितळ म्हणण्यासारखं. बरीच वर्षं सोसून अखेर त्यांनी दुकान विकलं आणि बरडाजवळ पडतं म्हणून अमरावतीला घर बांधलं.

आता त्यांना काचबिंदू झाला होता. नजर बाजूंनी मिटत चालली होती. "पायपातून पाह्यल्यावानी दिसते," ते म्हणाले. "समोरचं दिसते, पन समोर काय धरावं तेच समजत नाई. पायप बुजायच्या आधी मले एक साक्षीदार पायजे. तुहे डोये चांगले हायेत."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरचं सगळं नेहमीप्रमाणे पुसट होतं.

पिशवीत एक लांब वही होती. तिच्यात त्यांनी तीन रकाने आखले होते. पहिल्याचं नाव 'पाहिले', दुसऱ्याचं 'पाहिला गेलो', तिसऱ्याचं 'साक्षीदाराची सही'. वहीचं पहिलं पान खाकी कागद डकवून बंद केलेलं. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाले, "पेपर हाये. परीक्षा होऊन जाऊ दे." त्यापुढच्या पानांवर पहिला रकाना रिकामा, पानामागून पान. दुसरा मात्र गच्च भरलेला. टिटवी ओरडून अचानक गप्प झाली. माकडं एकाच दिशेला तोंड करून बसली. बोरीखाली वाकलो तेव्हा पाठीमागे गवत हललं, वारा नव्हता.

मी हसत विचारलं, की काकाजी, ही काय नोंद झाली? तुम्हाला तर काहीच दिसलं नाही.

"त्याले मी दिसलो ना," ते म्हणाले. "तेवढं बी लिहाव नाई का?"

त्या माणसाच्या रीती अशा. जंगलात त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. 'जावई' म्हणायचं, कारण तो त्याच्या मर्जीने येतो, सगळं बघून घेतो आणि एक अक्षर बोलत नाही. घरीसुद्धा त्यांची खुर्ची कायम भिंतीला टेकलेली, पाठ उघडी ठेवून ते कधी बसले नाहीत. जेवताना मधेच घास थांबवून मान किंचित कलती करायचे आणि परसाच्या दाराकडे ऐकत राहायचे. काकू उठून निमूट दाराची कडी लावून यायच्या. मी विचारलं नाही. पण महिन्याभरात माझीही खुर्ची भिंतीपाशी सरकली होती, हे मला कारखान्यातल्या मित्राने दाखवून दिलं.

ओळखीची पाच कलमं त्यांनी मला घोटून घेतली. कान: मागून काळे, टोकाला गोंडे. शेपूट: आखूड, मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत, आणि त्यावर कडी नाहीत. रानमांजराच्या शेपटीला टोकाशी काळी कडी असतात, कानावर केसही असतात, तिथेच लोक फसतात. अंग: एकरंगी. पाय: पट्ट्यांविना, मागचे उंच. चाल: थांबून मागे वळून पाहणारी. याच क्रमाने सांगायची. "अन् डोये सगळ्यात शेवटी पाह्याचे," ते म्हणायचे. "आधी डोयात पाह्यलं त पाची कलमं इसरते मानूस."

आता माझा पराक्रम सांगतो. एका संध्याकाळी कारखान्यामागच्या झुडपांत, कँटीनच्या खरकट्यावर, मला आखूड शेपटीचं, गोंडेवाल्या कानांचं, लालसर काहीतरी दिसलं. मी मोबाइलमध्ये फोटो काढला आणि काकाजींना दाखवायच्या आधी, मोठेपणाच्या भरात, एका निसर्गप्रेमी गटावर टाकून दिला. खाली लिहिलं: वऱ्हाडात स्याहगोश! रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत दीडशे लोकांनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या. एका वार्ताहराचा फोन आला. अकोल्याच्या जुन्या हसणाऱ्यांपैकी एकाने तर लिहिलं की आमच्या शहरातले एक ज्येष्ठ चष्मेवाले हे पूर्वीच सांगत होते, त्यांची आम्ही क्षमा मागतो.

मी धावत खाली गेलो. काकाजींनी फोन हातात घेतला, भिंग लावलं आणि त्या पाइपातून फोटोचा कोपरान् कोपरा तपासला. काकू पदर हातात धरून उभ्या होत्या. त्यांना ती क्षमा मी आधी वाचून दाखवली होती आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दोन कडी हायेत," काकाजी म्हणाले. "रानमांजर हाये. लिहून टाक तसं."

काकू म्हणाल्या, आता लोक मानत आहेत तर मानू द्या ना. तीस वर्षं झाली.

"मी खरं बोललो तवा हसले. आता खोट्यासाठी टाळ्या घेऊ काय?" त्यांनी फोन परत दिला. मी दुरुस्ती लिहिली. दीडशे टाळ्यांचं दीडशे हसऱ्या तोंडांत रूपांतर व्हायला दहा मिनिटं लागली, आणि त्यातली बरीच माझ्या नावाची होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणीतरी माझ्या टेबलावर दुधाची वाटी ठेवली.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर खरोखर जाऊ लागलो. पूर्वी पोह्यांसाठी जायचो.

बरडाला जायची वाट एका कोरड्या नाल्यातून होती. काकाजी रेतीतून जाताना पाय मुद्दाम पूर्ण टेकवून चालायचे आणि मलाही तसं चालायला लावायचे, कारण परतताना आपलेच ठसे वाचायचे असत. पहिल्या काही खेपांना आमच्या पावलांवर फक्त लावा पक्ष्यांच्या पायांची नक्षी उमटलेली असायची. एकदा शेळीची. मला हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं आणि कापड तपासण्यापेक्षा बरं वाटायचं.

मग होळीनंतरचा तो रविवार. त्या दिवशी कधी नव्हे ते दुपारून निघालो होतो. पळसाची फुलं झडून खाली काळी पडली होती. आम्ही बरडावर एका मोठ्या धोंड्याला पाठ लावून, खांद्याला खांदा भिडवून बसलो. समोर तीसेक पावलांवर वाळलं गवत, त्यामागे नाला वळलेला. काकाजींचा पाइप तोवर सुईच्या नेढ्याएवढा झाला होता. त्यांनी डोळे मिटूनच घेतले. "तू पाह्य. मी आयकतो."

दिवस बुडायला आला तेव्हा टिटवी ओरडली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ओरडता ओरडता मधेच थांबली. त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी शांतता म्हणणार नाही. शांततेत काहीतरी असतं, किडा असतो, दूरचा ट्रक असतो. इथे सगळं काढून घेतलं होतं. मी समोर पाहत असताना मला वाटत होतं की बघायला हवं ते पाठीमागच्या धोंड्याच्या वर आहे.

समोर गवताच्या कडेला एक लालसर डाग होता. मघा तो नव्हता.

माझा चष्मा खिशात होता, त्या टक् वाजणाऱ्या डबीत. चष्म्यांच्या डब्या तीस वर्षं ऐकलेला माणूस खांद्याला चिकटून बसलेला. मी हात खिशापर्यंत नेला आणि परत आणला.

काकाजींना माझा श्वास कळला असावा. त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "कान?"

"काळे. गोंडे आहेत," मी म्हणालो.

"शेपूट?"

"आखूड. सांध्यापर्यंत. कडी नाहीत."

अंग, पाय, चाल. मी सगळी कलमं दिली, घोटलेल्या क्रमाने, एकही न गाळता. समोर मला एक डाग दिसत होता, विटेच्या तुकड्याएवढा. पण त्या म्हाताऱ्याचा खांदा थरथरत होता आणि मला वाटलं, देऊन टाकावं. दुसऱ्या कोणी मलाही दिसलं म्हणून सांगावं एवढंच तर मागत होता तो.

तेवढ्यात गवतातून तितर भर्रकन उठला. त्याची फडफड वर गेली आणि अर्ध्यात तुटली. नंतर पुन्हा ती पोकळी. डाग नव्हता.

"अन् मंग?" काकाजींनी विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

परतताना उजेड अजून रेतीपुरता होता. काकाजी काठी टेकत पुढे, मी मागे. नाल्याच्या वळणावर ते थांबले, का कोण जाणे, आणि खाली बसून बोटांनी रेती चाचपू लागले. मी वाकलो. एवढ्या जवळून मलाही दिसतं. आम्ही दुपारी येताना उमटलेला माझ्या बुटाचा ठसा होता, आणि त्याच्या टाचेत बरोब्बर मधोमध चार बोटांचा, नखं न उमटलेला पंजा. पुढच्या ठशातही. त्याच्या पुढच्यातही. आम्ही चालत येत होतो तेव्हा काहीतरी माझ्या पावलात पाऊल टाकत मागून येत होतं.

काकाजींनी आपले ठसे चाचपले. ते कोरे होते.

"तुह्याच पावलावर हाये," ते म्हणाले आणि बोटांची रेती झटकत, "त्याले बी समजलं म्हनायचं, कोनाले दिसत नाई ते." मी हसलो. मला वाटलं ते स्वतःबद्दल बोलत आहेत.

घरी आल्यावर वही टेबलावर उघडली, पेन ठेवलं. काकू चहा घेऊन आल्या आणि वहीकडे पाहून तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्या रकान्यात सही करायला मी पेन उचललं.

"थांब," काकाजी म्हणाले. "आधी तक्त्याची खालची ओळ वाच."

मी भिंतीकडे तोंड केलं. "न, ग, र, प, ल, व, ट, म."

मग काकूच खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाबू, तो तक्ता यायनं संक्रांतीलेच बदलला. आता तिथं दुसरी अक्षरं हायेत."

मी खिशातली डबी काढली. टक्. चष्मा लावला आणि तक्ता वाचला. खरंच दुसरी अक्षरं होती. त्यानंतर मी खुर्चीत बसलो. म्हणालो, काकाजी, मी तुम्हाला फसवलं. पहिल्या दिवसापासून.

"मले मालूम हाये. पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "वाचनारा अडखळते. ज्यानं पाठ केलं तो अडखळत नाई. आज बी तू अडखळला नाईस. पाची कलमं घडघड. खरं पाह्यलेल्या मानसाले असं सांगता येत नाई."

"मग खोली का दिली?"

"तू एका परक्या मानसाचं आयकून आठ अक्षरं ध्यानात ठेवली. माहं तर तीस वर्सात कोनी दोन मिंट आयकलं नाई." त्यांनी वही मिटली. "आता सांग. कलमं नको सांगू. तुले जे दिसलं तेवढंच."

मी सांगायला गेलो आणि शब्द सापडेनात. म्हणालो, डाग होता. लाल. कान वगैरे काही नाही, नुसता डाग. आणि मग तितर उठला तेव्हा तो डाग... म्हणजे मला चष्मा नव्हता, मी काही खात्रीने... तो वर गेला. उडाल्यासारखा नाही, ओढून घेतल्यासारखा. माणसाच्या डोक्याच्या वर. सरळ. आणि मग...

"आन् मंग?"

"खाली आला नाही. म्हणजे आलाच असेल. पण मी बघतच होतो, आणि खाली आला नाही."

काकाजींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी त्याच ठिकाणी अडखळलो. चहावर साय धरली. काकू परसाच्या दाराची कडी लावायला गेल्या, ती आधीच लावलेली होती.

त्यांनी माझ्यासमोर काही लिहिलं नाही. हात पुढे करून माझा चष्मा मागितला. बनियनच्या टोकाने काचा पुसल्या, दांड्यांना बोटांनी चाचपून डावी जराशी वाकवली, आणि माझ्या नाकावर बसवून दिला. "ढिला होता," म्हणाले. "उद्या नवा नंबर काढ. तुहा वाढला हाये."

दिवाळीपर्यंत त्यांचा पाइप पूर्ण बुजला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, दुपारी, खुर्चीत, पाठ भिंतीला. माझं लग्न त्याच वर्षी चष्म्यासकट जमलं. तेराव्यानंतर काकूंनी मला वही आणि तक्ता आणून दिला. म्हणाल्या, "पेपर उघड म्हनून सांगून गेले."

मी खाकी कागद सोडवला. तीस वर्षांपूर्वीचं अक्षर, ठसठशीत, दुकानदाराचं. पहिल्या रकान्यात पाच कलमं कुठेच नव्हती. दोनच वाक्यं होती. 'वर गेला. खाली आला नाही.' ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मित्रांनाही नाही, मलाही नाही, आणि काकू म्हणाल्या त्यांनाही नाही.

शेवटची नोंद होळीनंतरच्या त्या रविवारची. अक्षरं ओळी सोडून खाली घसरलेली, एकावर एक चढलेली. पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं, 'भाडेकरूने पाहिले. चष्मा नसताना.' तिसऱ्या रकान्यात, साक्षीदार म्हणून, त्यांची स्वतःची सही होती आणि खाली, 'मी ऐकले.'

पहिल्या पानावरचा तिसरा रकाना रिकामा होता. काकूंनी पेन दिलं. मी चष्मा पुसून घातला आणि सही केली.

काकू आता अकोल्याला मुलीकडे असतात. फोनवर तब्येतीचं झालं की एकच विचारतात, गेला होतास का. मी जातो. बायको पोहे देते आणि जाऊ नका म्हणते. वहीच्या उरलेल्या पानांवर आता माझं अक्षर आहे. नंबर बरोबर आहे, काचा स्वच्छ आहेत, धोंड्याला पाठ लावून मी दिवस बुडेपर्यंत समोर बघतो आणि मग नाल्यातून माझे ठसे वाचत परत येतो. पहिला रकाना कोरा आहे. दुसऱ्यात गेल्या रविवारपर्यंत अकरा नोंदी झाल्या.